सोन्याचा परवाना, रद्दीचा भाव

जुने स्टॅम्पपेपर, शेअर सर्टिफिकेट, खाणींचे परवाने... ऑनलाइन सगळं विकायला असतं. फ्रेम करून भिंतीवर लावलं की भारी दिसतं, हे खरंच. पण त्या कागदावर लिहिलंय काय?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १८५१ मध्ये सोनं सापडलं. खणणाऱ्याला परवान्यासाठी महिन्याला ३० शिलिंग भरावे लागत, सोनं मिळो वा न मिळो. या जाचातून डिसेंबर १८५४ मध्ये बॅलरॅटला युरेकाचा उठाव झाला. माणसं मेली, तेव्हा कुठे १८५५ मध्ये वर्षाला एक पौंडाचा नवा परवाना आला. आज संग्राहक हे दोन्ही कागद हौसेनं घेतात.

आपला काय संबंध, म्हणाल. आहे ना! आपलं शहर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. रायचूरजवळची हट्टीची सोन्याची खाणही त्याच संस्थानातली. १८८६ मध्ये खाणींचे हक्क हैदराबाद (डेक्कन) कंपनीकडे गेले. तिच्या शेअर्समध्ये एवढा घोळ निघाला की १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं चौकशी केली. जमीन इथली, सौदा लंडनमध्ये! हे आपल्याला कळतं ते कागद उरले म्हणूनच.

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी निजामकाळातले उर्दू, मोडी कागद पडून आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात, नाहीतर गठ्ठा सोडून एकेक पान विकलं जातं. गठ्ठा फुटला की कोणता कागद कशाबद्दलचा, हे कायमचं हरवतं.

म्हणून एवढं करा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कागद कुणाच्या घरचा ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि पुराभिलेख कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवा. आणखी एक. ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. १९७२ चा कायदा आहे.

संग्रह जरूर करा. पण आधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोडी शिका. किंमत नंतर विचारा.