कोलाडचे राफ्टिंग विजेच्या वेळापत्रकावर का चालते?

उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात. रायगडची कुंडलिका मात्र वाहत राहते आणि कोलाडला राफ्टिंग सुरू राहते. असे का?

पाणी येते कुठून?
पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणातून. मुळा ही भीमा खोऱ्यातली, पूर्वेकडे वाहणारी नदी. टाटांच्या प्रकल्पात तिचे पाणी सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे आणले जाते. तिथे ३०० मेगावॅट क्षमतेचे वीजगृह आहे. वीज तयार झाली की पाणी कुंडलिकेत येते.

राफ्टिंग सकाळीच का?
पाणी सोडले की नदीला वेग येतो, सोडणे थांबले की तो ओसरतो. म्हणून पर्यटकांना सकाळीच बोलावले जाते.

आणखी कोण अवलंबून?
डोलवहाळ बंधाऱ्यावरची शेती आणि धाटावची औद्योगिक वसाहत. पुढे नदी रेवदंडा-कोर्लईपाशी समुद्राला मिळते. तिथे कोळी, मुस्लिम, बेने इस्रायलींचे सिनेगॉग आणि पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे कोर्लईचे ख्रिस्ती, असा सगळा शेजार आहे.

वाद काय?
या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. आता हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी भागाला द्यावे, अशी मागणी होते. त्या भागाची तहान खरी आहे.

पुढे काय?
पाणी वळवले तर कुंडलिका इतर नद्यांसारखी पावसाळीच उरेल. त्यामुळे हिशेब फक्त विजेचा मांडून चालणार नाही. कोलाडच्या राफ्ट चालवणाऱ्या तरुणांचा रोजगारही त्यात धरावा लागेल.