ताकदीसाठी फी कशाला?



जिमची फी आणि पावडरीचा डबा परवडत नाही म्हणून पोरं व्यायामच सुरू करत नाहीत, हे आम्हांस पटत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तालमीच्या मातीत तयार झाले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले.

सुरुवात घरीच करावी. एक दिवसाआड दहा बैठका व पाच जोर, अशा तीन फेऱ्या. जोर निघत नसेल तर ओट्याला हात टेकून काढावा. दर आठवड्याला एक-दोन वाढवावेत. बैठका सोप्या वाटू लागल्या की पोत्यात दहा किलो वाळू भरून छातीशी धरावी. पाठ सरळ ठेवावी. खायला डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध पुरे.

"शेतात राबतो तेवढं बास," असे कोणी म्हणेल. पण आता नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटार उपसते. जागतिक आरोग्य संघटनाही तरुणांना आणि म्हाताऱ्यांनाही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तेव्हा घरच्या बायाबापड्यांनी व वडीलधाऱ्यांनीही मागे राहू नये. रक्तदाब वा छातीचे दुखणे असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बाकीच्यांनी उद्या सकाळीच पहिल्या दहा बैठका काढाव्यात, अशी आमची विनंती आहे.