लिंबाजवळचे घर

आमच्या हिंगोलीकडे पत्ता म्हणजे ‘मशिदीमागे, लिंबाजवळ’. पोस्टमनला तेवढा पुरतो, मोबाइलला नाही. तो पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधतो. लिंब सापडला नाही की बहुधा गावाच्या मध्यावरच ठिपका ठेवून मोकळा! नमाजच्या वेळांना याची बाधा नाही. पूर्व-पश्चिम १० किलोमीटर चुकले तरी अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नाही. पण रात्री १०८ची गाडी बोलावली तर? टपाल खात्याने २०२५मध्ये डिजिपिन आणला. साधारण ४ मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला १० अक्षर-अंकांचा संकेत. त्यातून अक्षांश-रेखांश परत काढता येतात. आम्ही दारात उभे राहून आमचा काढला, अम्मींच्या औषधांच्या डब्यावर चिकटवला. गाडीवाल्याचा फोन आला तर लिंबाची खूणही सांगणारच.