खाडाखोडीखाली सही कोणाची?

न मागता सल्ला देणारी माणसं महाराष्ट्राला नवी नाहीत. पूर्वी ती एस.टी.च्या स्टँडवर, लग्नाच्या मांडवात आणि कॅरमबोर्डाच्या चारी बाजूंना आढळत. पण त्यांचा एक मोठेपणा होता. ती नुसता सल्ला देत. तुमचा हात बाजूला सारून स्ट्रायकर स्वतः मारत नसत. संगणकातल्या शुद्धलेखन तपासनिसाला एवढाही पाचपोच नाही. तुम्ही एक शब्द लिहून पुढच्या शब्दाकडे वळता, तोवर मागचा शब्द त्यानं बदललेला असतो. बरं, बदलला हे सांगतही नाही. खिसेकापूसुद्धा पाकीट मारताना निदान धक्का देतो!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढच्या काउंटरवर जाता येईल. ही आपोआप तपासणी आणि आपोआप दुरुस्ती प्रत्येक संगणकावर जन्मतः बंद असावी. ज्याला हवी असेल त्यानं ती सुरू करून घ्यावी. आज नेमकं उलटं आहे. ती सुरूच असते आणि बंद कशी करायची ते शोधण्यात माणसाचा अर्धा दिवस जातो.

मी बँकेतला माणूस. दुरुस्ती या विषयावर बँकेत जेवढा विचार झाला आहे तेवढा साहित्य संमेलनातही झाला नसेल. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून लेजरं होती आणि त्या लेजरांवर राज्य करणारे, निवृत्तीला टेकलेले एक हेडक्लार्क होते. त्यांचा पहिला धडा असा : "हे बघा, गिरवायचं नाही. ब्लेडनं खरवडायचं तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बरोबर आकडा वरती लिहायचा आणि शेजारी आपली छोटी सही. चुकीमुळे कोणाची नोकरी जात नाही हो. चूक कोणी सुधारली ते कळलं नाही, की जाते."

हे काही त्यांचं पदरचं शास्त्र नव्हे. आम्हां बी.कॉम.वाल्यांना १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट घोकावा लागला होता. त्याचं ८७वं कलम सांगतं, की चेकात किंवा वचनचिठ्ठीत महत्त्वाचा बदल झाला आणि त्याला ज्याची संमती नव्हती, त्याच्यापुरता तो कागद साधारणपणे रद्द. १८वं कलम तर मला कवितेसारखं वाटतं. आकड्यात एक रक्कम आणि अक्षरात दुसरी असेल, तर अक्षरातली खरी! पैशांच्या कायद्यानं आकड्यापेक्षा अक्षराला वरचढ मानलं, हे मराठीच्या प्राध्यापकांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. पुढे चेकच्या नुसत्या प्रतिमेवर क्लिअरिंग होऊ लागलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०१०पासून असे चेक आणखी कडक केले. तारखेची मुदत वाढवण्यापुरता बदल सोडला तर कसलीही खाडाखोड चालणार नाही, नवा चेक लिहा. सहीनिशी केलेली दुरुस्तीसुद्धा नको!

एवढ्या सोवळ्यात वाढलेल्या माणसाच्या टेबलावर एक यंत्र आणून ठेवलं, जे दिवसभर बिनसहीची खाडाखोड करतं. वर जुना शब्द दिसू देत नाही. आमच्या हेडक्लार्कांनी त्याला पहिल्याच दिवशी मेमो दिला असता.

मूळ हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये १९९३च्या सुमाराला आपोआप दुरुस्ती आली, आणि १९९५च्या आवृत्तीपासून शब्दाखाली ती लाल नागमोडी रेघ उमटू लागली. घाईघाईत इंग्रजी 'द'मधली अक्षरं मागेपुढे झाली तर ती जागेवर बसवावीत, इतपत सोज्वळ सुरुवात. पण पाव्हण्याला ओसरीवर टेकू द्यावं आणि त्यानं माजघरात शिरून डबे उघडावेत, तसं पुढे झालं.

कारण या तपासनिसाला अर्थ कळत नाही. त्याच्याजवळ शब्दांची एक यादी असते. यादीत असेल तो शब्द शुद्ध, नसेल तो चूक. मग एखाददुसरं अक्षर बदललं की यादीतल्या कोणाशी जमतं, ते तो पाहतो. अलीकडची यंत्रं शेजारचे शब्द बघून अंदाजही बांधतात. पण अंदाज तो अंदाज. हेडक्लार्क अंदाजानं बेरीज करत नसत. 'चुकलेला' आणि 'माझ्या ओळखीचा नसलेला' यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात आपण लाल पेन्सिल दिली आहे. असा वॉचमन ठेवला तर तो अनोळखी माणूस दिसला की चोर समजून धरील आणि ओळखीच्या चोराला सलाम ठोकील.

आमच्या शाखेत याची प्रचीती रोज येते. इंग्रजी पत्रं लिहिताना आडनावं येतात, आणि आडनावांत या यंत्रानं नवीच उच्चनीचता सुरू केली आहे. मोरे पास, कारण इंग्रजीत ते 'अधिक' आहेत. साने पास, इंग्रजीत ते शहाणे ठरतात. माने म्हणजे सिंहाची आयाळ, दाते म्हणजे तारीख, काळे म्हणजे एक पालेभाजी. सगळे पास! गोरे तर इंग्रजीत रक्तपात आहेत, पण त्यांच्याखाली रेघ नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या सभ्यपणे जगलेल्या आपट्यांखाली, भाव्यांखाली, कदमांखाली लाल रेघ! भाव्यांना ते सुचवतं 'बिहेव', म्हणजे नीट वागा. कदमांचं तर एक अक्षर बदललं की मॅडम होते. आमच्याकडच्या एका नव्या मुलानं घाईत ती सूचना मान्य केली आणि चांगल्या झुपकेदार मिशांच्या एका खातेदाराला 'मिस्टर मॅडम' म्हणून पत्र गेलं.

ते गृहस्थ पत्र घेऊन काउंटरवर आले.

"हे कोणी लिहिलं?"

"सर, मी कदमच लिहिलं होतं," तो मुलगा म्हणाला.

"मग मॅडम कोणी केलं?"

सगळ्यांनी संगणकाकडे पाहिलं. संगणक शांतपणे घड्याळ दाखवत होता. कागदावर सही साहेबांची, हात त्या मुलाचा आणि शब्द तिसऱ्याचाच. ही माझी खरी तक्रार आहे. हसून सोडण्यासारखी चूक होती, हसलोही. पण त्या माणसाचं नाव बदलणारा शेवटपर्यंत सापडला नाही.

नावाचं दुखणं आपलं एकट्याचं नाही. २०२४ साली ब्रिटनमध्ये 'मी म्हणजे टायपिंगची चूक नव्हे' अशा अर्थाच्या नावाची मोहीमच निघाली. ज्यांच्या नावाखाली रोज लाल रेघ येते, अशा लोकांनी कंपन्यांना सांगितलं, की बाबांनो, तुमची यादी सुधारा, आम्ही बरोबर आहोत. माणसानं स्वतःच्या नावासाठी यंत्राकडे अर्ज करायचा!

मोठमोठ्या संस्थांनीही यात हात पोळून घेतले आहेत. इंग्रजीतला सहकार्य या अर्थाचा शब्द काही जुन्या तपासनिसांच्या यादीत फक्त मधल्या आडव्या रेघेसकट होता. रेघेशिवाय लिहिला की ते त्याचं 'क्युपर्टिनो' करत. हे कॅलिफोर्नियातलं गाव, जिथं ॲपल कंपनीचं मुख्यालय आहे. झालं! संयुक्त राष्ट्रसंघ, नाटो, युरोपीय संघ यांच्या कागदपत्रांत राष्ट्राराष्ट्रांमधल्या सहकार्याऐवजी हे गाव जाऊन बसलं. सहकाराचं असं वाटोळं आपल्याकडे व्हायला निदान निवडणुका तरी घ्याव्या लागतात.

याहून कमाल एक्सेलनं केली. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावं 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी होती. एक्सेलला वाटलं, या तारखा. त्यानं त्यांच्या तारखा केल्या. आम्हां बँकवाल्यांना मार्च आणि सप्टेंबर म्हणजे वार्षिक आणि सहामाही, तेव्हा आम्ही एक वेळ समजून घेतलं असतं. पण शोधनिबंधांच्या तक्त्यांत जनुकांच्या जागी तारखा छापल्या जाऊ लागल्या. शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं काय करावं? जनुकांचीच नावं बदलली! टोपी बसेना म्हणून डोकं तासलं. ही आपोआप अदलाबदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ साली. शास्त्रज्ञांची जिथं ही अवस्था, तिथं कदमांचं काय घेऊन बसलात?

आता कोणी म्हणेल, "अहो, पण चुका तर कमी होतात ना?" होतात. फुटकळ होतात. पण महत्त्वाची चूक या पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत आत जाते. 'कर्ज आता मंजूर झालं आहे' आणि 'कर्ज मंजूर झालेलं नाही' या दोन वाक्यांत इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे. 'नाऊ' आणि 'नॉट'. दोन्ही शब्द यादीत. रेघ नाही! आणि रेघ नाही म्हणजे सगळं ठीक, अशी सवय लागलेला माणूस पुन्हा वाचत नाही. पूर्वी पत्र पाठवण्याआधी दोघांनी वाचायचं, अशी पद्धत होती. आता दोघंही 'त्यानं तपासलंय' म्हणतात.

मराठीत तर ही मौज आणखी रंगते. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही शुद्ध. तेव्हा 'ग्राहक दिन'ऐवजी फलकावर 'ग्राहक दीन' लागला तरी यादी गप्प. (आमच्या रांगेकडे पाहिलं तर ते बरोबरच वाटेल.) 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचाऱ्यास' बोलावलं तर जेवण मिळेल, 'आचार्यास' बोलावलं तर प्रवचन. लग्नघरात ही अदलाबदल परवडणारी नाही. पण यादीला दोघेही सारखेच. उलट जे निखालस बरोबर, त्यावर मात्र तिचा डोळा. मराठी शब्द एकटा फिरत नाही, आख्खं कुटुंब घेऊन फिरतो. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. यादी करणारा 'घरात'पर्यंत येऊन दमतो, आणि मग घरातल्यांनासुद्धा लाल रेघ!

शुद्धलेखनाचे नियमच नकोत, असं मी म्हणत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारनं मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ वाढले. ते नियम कोणी केले ते माहीत होतं. त्यांच्याशी भांडता येत होतं, आणि मराठी माणूस भरपूर भांडलाही. भांडायला समोर माणूस होता. ही यादी कोणी केली, तीत वऱ्हाडी किती आणि मालवणी किती घ्यायची हे कोणी ठरवलं, त्याच्या सहीचा कागद मला दाखवा. कोकणातली आजी नातवाला 'कधी येतंस?' असं विचारते तेव्हा ती चुकत नसते, वाट पाहत असते.

आणि आपण रोमन अक्षरांत मराठी लिहायला लागलो, की मोबाइल चेकाळतोच. आमच्या सौभाग्यवतींनी 'घरी आहेस का?' असं विचारलं. मला मिळालं 'घरी ॲशेस का?' म्हणजे राख! मी ऑफिसातून तडक गॅस बघायला घरी.

ज्यांना अक्षरं मुळातच उलटसुलट दिसतात, किंवा ज्यांना परक्या भाषेत नोकरी रेटायची आहे, त्यांना हा मदतनीस हवा असेल तर त्यांनी तो जरूर ठेवावा. काठी लागते त्याच्या हातून काठी काढून घेण्याइतका मी दुष्ट नाही. पण धडधाकट माणसाच्या पायात काठी घालू नये, इतकंच. बाकीच्यांना उपाय सोपा आहे. वर्डमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग प्रूफिंग. तिथं 'लिहिताना स्पेलिंग तपासा' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढची खूण काढा. तिथंच 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स'मध्ये 'लिहिताना शब्द बदला'ची खूण काढा. मोबाइलला कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये असंच एक बटण असतं. पत्र लिहून झालं, स्वतः वाचून झालं, की हवं तर एफ-७ दाबा; मग तपासनीस येतो, एकेक शब्द दाखवतो, विचारतो आणि तुम्ही हो म्हणाल तरच बदलतो. बोलावल्यावर आलेला माणूस कसा वागतो आणि न बोलावता आलेला कसा, ते तिथं दिसतं.

हे सगळं मी आमच्या साहेबांना सांगितलं आणि शाखेतल्या सगळ्या संगणकांवर ही आपोआप दुरुस्ती बंद करण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिलं. त्यांनी माझ्या अर्जातला एक शब्द आडव्या रेघेनं खोडला, वर दुसरा लिहिला, शेजारी छोटी सही केली आणि 'परवानगी आहे' असा शेरा मारला. माझाच शब्द बरोबर होता. पण खालचा शब्द वाचता येत होता आणि कोणाशी भांडायचं ते कळत होतं.