टॅपेट का वाजतात?

वाचकहो, या खेपेस औषधपाण्याऐवजी मोटारीचं बोलणार आहोत. परिचारिकेचा इंजिनाशी काय संबंध, असं कोणी विचारील. काळजात झडपा आहेत, तशा इंजिनातही आहेत. दोन्हीकडे आधी कान लावायचा, हत्यार नंतर उचलायचं.

कुवेतमध्ये जुन्या मोटारींची फार हौस. थोराड अमेरिकन गाड्या लोक अजून जपतात. जुन्या गाड्यांचं संग्रहालयसुद्धा आहे. शुवैख भागात गॅरेजंच गॅरेजं. मुंबईला आमच्याबरोबर काम केलेली एक मैत्रीण पुढे कुवेतला गेली. तिचे यजमान तिथं मिस्त्री होते. पुढचं बरंचसं त्यांच्याकडून ऐकलेलं.

बालमित्रांनो, हृदयाला झडपा ४ आणि ठोके मिनिटाला साधारण ७२. आठ सिलिंडरच्या जुन्या अमेरिकन इंजिनाला झडपा १६. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप ४०० वेळा उघडते, कारण कॅमशाफ्ट निम्म्या वेगानं फिरतो. म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीनं ऐकू येते. ही पहिली खूण.

दुसरी खूण वेळेची. गाडी सुरू करताच टिकटिक होऊन मिनिटभरात थांबली, तर बहुधा टॅपेटात तेल भरायला वेळ लागला, इतकंच. गरम झाल्यावर सुरू झाली, तर तेलाचा दाब मोजावा. कुवेतमधल्या मित्रिबा इथं २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अशा हवेत तेल तापून पातळ होतं नि दाब उतरतो. उलट थंडपणी वाजून गरम झाल्यावर आवाज गेला, तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्यांचं गॅस्केटही फुटकं असू शकतं. तिथं टॅपेट बिचारे निर्दोष!

आवाज कुठला, ते मिस्त्री लोखंडी दांडीच्या स्टेथोस्कोपनं शोधतात. मुलांनी मात्र चालू इंजिनाच्या पंख्याजवळ जाऊ नये, बरं का. मग इंजिन बंद करून वरचं झाकण काढायचं. पुशरॉड काचेवर लोळवून पाहावा. वाकडा असेल तर डुगडुगतो.

आता मुख्य गोष्ट. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात न वाजणारी झडप जास्त घातकी. हेड घासून सपाट केलं, व्हॉल्व्हच्या सीट कापल्या, की जुना पुशरॉड लांब पडू शकतो. मग झडप पुरती मिटत नाही, सिलिंडरचा दाब गळतो, आणि सीटवर न टेकल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आवाज काही नाही! वॉर्डातही कण्हणाऱ्या रोग्याइतकंच गप्प पडलेल्याकडे लक्ष ठेवावं लागतं. म्हणून आवाज नसला तरी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा.

आणि टिकटिक दाबायला घट्ट तेल ओतून मोकळं होऊ नये. ते निदान न करता वेदनाशामक देण्यासारखं. आत कॅम झिजत असेल, तर त्याचा कीस तेलाबरोबर फिरून बेअरिंगं खातो नि सगळी बांधणी वाया जाते. जुनं तेल पांढऱ्या कपड्यावर गाळून पाहा. चकाकणारे कण दिसले, तर गाडी त्याच दिवशी थांबवा.