भुलेची भीती कोणाला सांगावी?

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरात बोलणी होतात ती पैशांची, रजेची आणि रुग्णालयात रात्री कोण थांबणार याची. ज्या व्यक्तीवर शस्त्रक्रिया व्हायची ती मात्र पुष्कळदा गप्प असते. विचारलेच तर ‘मला कसली भीती? या वयात सगळे देवावर सोडले आहे’ असे उत्तर मिळते. मग आदल्या आठवड्यात कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हाती येतात, बँकेची पासबुके कुठे आहेत ते दाखवले जाते, परगावच्या बहिणीला काही कारण नसताना फोन होतो. ज्येष्ठांची भीती बहुधा याच भाषेत बोलते. तिचे मूळ शोधू गेल्यास जखमेपेक्षा आणि वेदनेपेक्षाही ‘पूर्ण भूल’ या दोन शब्दांपाशी ती घोटाळताना आढळते. कापणे, शिवणे निदान समजते. पण आपण शुद्धीत नसताना आपल्या देहाचे काहीतरी होणार आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसणार, ही कल्पना भल्याभल्यांना सहन होत नाही.

अशा वेळी घरची माणसे प्रेमापोटी ‘काही होत नाही हो, हल्ली हे अगदी किरकोळ आहे’ असे म्हणून विषय मिटवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या वाक्याने दिलासा मिळत नाही. फक्त बोलण्याचे दार बंद होते. भीतीला योग्य ठिकाणी पोचवावे लागते, आणि ते ठिकाण म्हणजे भूलतज्ज्ञ. शल्यविशारदाची निवड आपण दहा जणांना विचारून करतो. भूलतज्ज्ञाचे नावही पुष्कळ कुटुंबांना बिल हाती येईपर्यंत ठाऊक नसते. वास्तविक शस्त्रक्रियेच्या पूर्ण काळात आपला श्वास, नाडी आणि रक्तदाब ज्यांच्या हवाली असतो ते हेच डॉक्टर.

या भेटीचे मोल जुन्या काळीच मोजले गेले आहे. बोस्टनमधील डॉ. लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाने काही रुग्णांना भेटून पुढे काय काय होणार ते समजावून सांगितले. काहींना त्या दिवशी सकाळी गुंगीचे औषध दिले. गुंगीचे औषध घेतलेले रुग्ण पेंगुळले, पण त्यांचे मन शांत झालेच असे नाही. ज्यांच्याशी नीट बोलणे झाले होते ते जागे होते आणि तरीही अधिक शांत होते. भेटीला वेळ द्यावा लागतो एवढीच काय ती तिची किंमत. आजही नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाची तपासणी होते. ती धावतपळत होत असेल तर ‘डॉक्टर, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, पाच मिनिटे द्याल का?’ असे म्हणण्याचा संकोच ज्येष्ठांनी बाळगू नये. प्रश्न आधी कागदावर लिहून नेणे उत्तम. समोर गेल्यावर आठवत नाहीत, हा सर्वांचाच अनुभव आहे.

कागदावरचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘मी परत जागा होईन ना?’ याचे उत्तर समजण्यासाठी भूल कशी दिली जाते हे थोडे जाणून घ्यावे. हाताच्या शिरेतून प्रथम औषध जाते. पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे प्रोपोफॉल दुधासारखे पांढरे असते. ते जाताना हाताला जराशी जळजळ होऊ शकते. अर्ध्याएक मिनिटात शुद्ध हरपते. मात्र त्या एका मात्रेचा परिणाम पाच-दहा मिनिटांतच ओसरू लागतो. म्हणून नंतर श्वासावाटे वायूरूप औषध देऊन, किंवा शिरेतून सतत औषध सोडून, भूल टिकवून ठेवावी लागते. कुलूप लावून किल्ली हरवावी तसा हा प्रकार नाही. औषध देणे चालू असते तोवर भूल असते. ते थांबवले, स्नायू सैल ठेवणाऱ्या औषधाचा उतारा दिला, की माणूस शुद्धीकडे येऊ लागतो. मधल्या साऱ्या वेळात भूलतज्ज्ञ उशाशी असतो. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र कोविडच्या काळात घरोघरी पोचले. शस्त्रक्रियागृहात तेच यंत्र अखंड चालू असते. जोडीला हृदयाचा आलेख असतो, दर काही मिनिटांनी मोजला जाणारा रक्तदाब असतो, आणि उच्छ्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजण्याची सोय असते.

याचा अर्थ धोका शून्य असतो असा नव्हे, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. धोका किती, हे वयाच्या आकड्यापेक्षा हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे कशी आहेत, शस्त्रक्रिया केवढी आहे आणि ती ठरवून होते आहे की तातडीने, यांवर अधिक अवलंबून असते. म्हणून ‘शेजारचे अमुक टेबलावरच गेले’ ही कथा आपल्याला लागू होत नाही. त्यांच्या हृदयाची अवस्था आपल्याला ठाऊक नसते. ‘माझ्या प्रकृतीत धोका नेमका कशाचा आहे, आणि तो कमी करण्यासाठी आपण काय करणार आहात?’ असा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर देता येते.

आज ऐंशीच्या घरात असलेल्या पुष्कळांच्या भयाचे मूळ आणखी मागे असते. लहानपणी टॉन्सिलच्या वेळी तोंडावर धरलेली जाळी, क्लोरोफॉर्मचा किंवा ईथरचा उग्र दर्प, हातपाय धरून ठेवणारी माणसे आणि नंतरच्या ओकाऱ्या त्यांच्या स्मरणात पक्क्या बसलेल्या असतात. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ईथरने जगाची सेवा केली. त्यापूर्वी रुग्णाला शुद्धीतच कापत असत, हे ध्यानात घेता त्या दर्पाचे उपकारच मानायला हवेत. पण आजची भूल त्या आठवणीसारखी नसते. आजीने ती आठवण भूलतज्ज्ञाला सांगितली, तर तोंडावर मास्क धरण्याआधी ते आवर्जून सांगतील की यातून नुसता ऑक्सिजन येणार आहे.

‘मध्येच जाग आली तर?’ ही भीतीही खरी आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांची एक मोठी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत रुग्णांनी आपणहून सांगितलेला असा अनुभव सुमारे १९,००० पूर्ण भुलींमागे एक इतका आढळला, आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश प्रसंग भूल चढतानाचे किंवा उतरतानाचे होते. रुग्णांना पुनःपुन्हा नेमके विचारणाऱ्या अभ्यासांत प्रमाण याहून जास्त निघते, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी कधी असे झाले असेल तर ते भूलतज्ज्ञाला अवश्य सांगावे.

काही भीती अशा असतात की त्या बोलायची लाज वाटते. गुंगीत तोंडून काही भलतेसलते निघेल का, कपडे कोण बदलणार, बायकाच असतील ना! पूर्ण भुलेत बोलणे होत नाही. आधीच्या वा नंतरच्या गुंगीत कोणी काही बरळले तरी तिथल्या माणसांना त्याचे काही वाटत नाही. कपडे बदलताना परिचारिका हवी असेल तर तसे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. आणि मंगळसूत्राचे काय? चाळीस-पन्नास वर्षे गळ्यातून न उतरलेले मंगळसूत्र दारात उभ्या असलेल्या परक्या मुलीने घाईने उतरवून मागावे, हा अनेक स्त्रियांना भुलेहूनही मोठा धक्का असतो. जखम भाजून रक्त थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणामुळे आणि हातापायांवर येणाऱ्या सुजेमुळे दागिने काढणे आवश्यक असते, हे कारण आधी समजावून सांगावे. मग घरीच, देवापाशी, आपल्या हाताने ते काढून लेकीच्या किंवा सुनेच्या हाती द्यावे. काळे मणी ओवलेला साधा दोरा मनगटाला चालेल का, हे विचारायलाही हरकत नाही. याला कोणी अंधश्रद्धा म्हणून हसू नये.

आता ज्या कारणासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ते. घाबरलेला माणूस गोष्टी लपवतो. ‘तंबाखू सांगितली तर रागावतील’, ‘मिश्रीचे काय सांगायचे त्या पोरसवदा डॉक्टरला’, ‘रात्री थोडी घेतो हे मुलांसमोर कसे बोलू’, ‘छातीत चमक येते म्हटले तर पुन्हा तपासण्या लावतील’. भूल देणाऱ्याला या प्रत्येक गोष्टीची गरज असते. रोज मद्य घेणाऱ्याचे मद्य अचानक तुटले तर शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्याच्या छातीत कफ साठतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे, झोपेची गोळी, वैद्यांचा काढा, मुलीने परदेशातून पाठवलेल्या ‘शक्तीच्या’ कुप्या, सारे एका पिशवीत घालून तपासणीला न्यावे. कोणते कधी बंद करायचे आणि कोणते त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचे, हे तेच ठरवतील. आपल्या मनाने काही बंद करू नये आणि चालूही ठेवू नये. मुलांदेखत बोलणे अवघड असेल तर मुलांनी पाच मिनिटे बाहेर जावे. शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे तरी अवश्य करावे.

लपवण्याचा दुसरा प्रकार खाण्याचा. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसांत जाऊ शकते, आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून प्रौढांसाठी सर्वसाधारण नियम असा: हलक्या खाण्यानंतर किमान सहा तास, तेलकट जेवणानंतर आठ तास, आणि साध्या पाण्यानंतर दोन तास. आपल्या रुग्णालयाने याहून वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळावी. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही; तो खाण्यात मोजतात. आपल्या घरांत तर आणखी एक घोटाळा होतो. रुग्णालयातून ‘उपाशी या’ असा निरोप येतो, नेमकी एकादशी असते, आणि आजी ‘उपासच आहे हो’ असे खरेपणाने सांगतात. पोटात साबुदाण्याची खिचडी असते! चुकून काही खाल्ले गेले तर तसे सांगावे. शस्त्रक्रिया चार तास पुढे जाईल, एवढेच.

भीतीपोटी शस्त्रक्रियाच पुढे ढकलत राहणे हा सर्वांत महागडा प्रकार. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांत तर दिवस मोजावे लागतात. बिछान्यात पडून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात. ‘या वयात पूर्ण भूल नको, कमरेतून देणार असाल तरच करू’ असा आग्रह धरून काही कुटुंबे दोन-दोन दिवस घालवतात. अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांत पन्नाशी ओलांडलेल्या १,६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर साठ दिवसांनी जगण्याच्या आणि चालण्याच्या दृष्टीने कमरेतली भूल पूर्ण भुलेपेक्षा सरस ठरली नाही. कोणती भूल योग्य, हे प्रकृती पाहून ठरते. इच्छा जरूर सांगावी, पण तिच्यासाठी वेळ दवडू नये.

‘भुलेने डोक्यावर परिणाम होतो’ ही समजूत मात्र अगदीच निराधार नाही. शस्त्रक्रियेनंतर काही वृद्धांना एक-दोन दिवस भ्रम होतो: वेळकाळ कळत नाही, नळ्या ओढल्या जातात, रात्री ओरडणे होते. याला भूल एकटी जबाबदार नसते. शस्त्रक्रियेचा ताण, वेदना, जंतुसंसर्ग, झोपमोड आणि अनोळखी खोली या सर्वांचा त्यात हात असतो. बहुतेकांत तो काही दिवसांत ओसरतो, पण विसरभोळेपणा आधीपासून असेल तर शक्यता वाढते. म्हणून ती गोष्ट भूलतज्ज्ञाला आधी सांगावी, आणि असे काही दिसल्यास परिचारिकेला लगेच कळवावे.

इथे शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती पुष्कळ असते. कवळी, चष्मा आणि श्रवणयंत्र शस्त्रक्रियेपूर्वी काढून एका डबीत, नाव लिहून, आपल्यापाशी ठेवावे. रुग्ण शुद्धीवर येताच, परवानगी मिळाल्याबरोबर, चष्मा आणि श्रवणयंत्र परत लावावे. न दिसणाऱ्या आणि न ऐकू येणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळणार तरी कसे? समोर भिंतीवरचे घड्याळ दिसेल अशी खाट मागावी. जवळ ओळखीचे एकच माणूस बसावे. भेटायला येणाऱ्यांची रांग दुसऱ्या दिवशी लागली तरी चालते. घसा थोडा दुखेल, थंडी वाजून अंग थरथरेल, मळमळेल, तोंड कोरडे पडेल, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. म्हणजे त्या क्षणी त्यांना वाटणार नाही की काही बिघडले. आणि जवळ बसणाऱ्याने त्यांच्या कानाशी, नेहमीच्याच हाकेने, एवढे म्हणावे: ‘आई, ऑपरेशन झाले. दुपारचे तीन वाजले आहेत. मी इथेच आहे.’ पाच मिनिटांनी त्या पुन्हा तेच विचारतील. तेव्हा तेच उत्तर पुन्हा द्यावे.