चढावरची सायकल

डॉक्टरांनी व्यायामाचा आग्रह धरला आणि गुडघ्यांनी चालण्यास साफ नकार दिला, तेव्हा पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा सायकलीवर बसलो. पहिल्याच आठवड्यात तिघांनी काळजीने विचारले, "गुरुजी, स्कूटर विकली काय?" मुख्याध्यापकाने सायकल चालवावी, हे अद्यापि आपल्याकडे ओढगस्तीचे लक्षण समजले जाते! परंतु वाचकहो, ज्या बिदरात माझी सारी नोकरी गेली, ते बिदर मला खऱ्या अर्थाने भेटले ते या दोन चाकांमुळेच.

रविवारी पहाटे मी प्रथम उदगीर रस्त्यावरील बरीदशाही उद्यानात जातो. चारी बाजूंनी कमानींनी खुली असलेली अली बरीदची कबर आणि तिच्या भोवतीची हिरवळ पाहून मन निवते. तेथून पापनाशाच्या तळ्याकाठी क्षणभर विसावतो. मंदिरातील घंटेचा नाद पाण्यावरून येतो, तो स्कूटरच्या फटफटाटात कधी कानी पडला नव्हता. पुढे नौबादेस 'सुरंग बावी' आहे. आपल्या पायाखालचा तांबडा जांभा सच्छिद्र. त्यातून झिरपलेले पाणी खालच्या काळ्या पाषाणाशी अडते. बहामनी काळात इराणी पद्धतीने भूमीखाली बोगदा खोदून हे पाणी उताराने वाहते केले आणि ठिकठिकाणी उभे झरोके ठेवले. या मार्गाने मी वर्षानुवर्षे गेलो. पण आपण पाण्यावरून जात आहोत, याची जाणीव मला नव्हती.

परतताना महमूद गावानच्या मदरशापाशी थांबल्यावाचून राहवत नाही. 1472 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या विद्यापीठात मोठा ग्रंथसंग्रह होता. उरलेल्या एकाच मनोऱ्यावरील रंगीत फरशा उन्हात चमकतात, तेव्हा शिक्षकाच्या मनात अभिमान आणि खंत एकदमच दाटून येतात.

सर्वांत सुखाची वाट मात्र अष्टुराची. पठाराच्या कडेवरून रस्ता खाली उतरतो. पायडल न मारता वारा अंगावर घेत बहामनी घुमटांपाशी पोहोचावे. अहमदशहा वलीच्या उरसात लिंगायत जंगमालाही मान असतो. विजेने दुभंगलेली हुमायूनची कबरही तेथेच आहे. येताना मात्र तीच वाट चढाची होते. गेल्या महिन्यात अर्ध्या चढावर दम लागून मी खाली उतरलो, तो मागून दुधाच्या दोन किटल्या अडकवलेली सायकल ढकलत एक मुलगी आली. आमच्याच शाळेतील नववीची विद्यार्थिनी.

"सर, तुमीबी उतरलात? मी तर रोजच उतरते. चढ लई हाय."

रोज सकाळी शहरात दूध घालून ती तशीच शाळेला येते, हे मला त्या दिवशी कळले. सायकल थोरल्या बहिणीची, तिला आठवीत शाळेतून मिळालेली. राज्य शासनाने 2006-07 मध्ये सुरू केलेली ती योजना कोविडच्या काळात खंडित झाली, त्यामुळे धाकटीच्या वाट्याला जुनीच आली. तिची साखळी दोनदा आमच्या डोळ्यांदेखत उतरली.

मी काय बोलणार? 'उशिरा आलेल्यांनी प्रार्थना संपेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहावे' हा नियम माझाच. त्या फाटकाबाहेर ही मुलगी मी किती वेळा उभी केली असेल! शिस्तीच्या अभिमानात तिला एकदाही कारण विचारले नव्हते. आणि तिनेही कधी सांगितले नव्हते. मुले आपली अडचण सांगत नाहीत, हे तीस वर्षे शिकवून मला ठाऊक असावयास हवे होते.

तो चढ आम्ही दोघांनी चालतच संपवला. माथ्यावर पोहोचल्यावर तिने वळून खालचे घुमट दाखवले आणि म्हणाली, "इथून लई छान दिसतंय, न्हाई का सर?" रोज ओझे ढकलणाऱ्या तिलाही ते दृश्य दिसत होते!

सोमवारी फाटकाचा नियम मी रद्द केला आणि शाळेच्या शिपायाकरवी एका नव्या साखळीची व्यवस्था केली. प्रार्थनेला ती अजूनही अधूनमधून उशिराच येते. आता मागच्या रांगेत उभी राहते. वाचकहो, आपणांपैकी ज्यांच्या घरी सायकल गंजत पडली असेल, त्यांनी एका रविवारी ती बाहेर काढावी. उतार सुखाचा असतोच; पण आपल्या गावची माणसे भेटतात ती चढावर.